गुडघ्याची गादी

“खरं सांग माय, तू कापूस येचायला जाऊन राह्यली ना?”

राजानंदनं डॉक्टरीणबाईंसमोरच विचारलं. गिरिजाबाई मान खाली घालून बसल्या. समोरच्या उजेडाच्या पाटीवर त्यांच्या उजव्या गुडघ्याचे काळे-पांढरे फोटो लावले होते. आपलं हाड असं चारचौघांत टांगलेलं बघून त्या आधीच ओशाळल्या होत्या, त्यात आता पोराची उलटतपासणी.

डॉक्टरीणबाईंनी एमआरआय नीट समजावून सांगितला होता. गुडघ्याच्या वाटीखाली चरबीची लहानशी गादी असते, ती सुजलीय. वाटीही सरळ वरखाली सरकायची सोडून बाहेरच्या अंगाला घसरतेय. ऑपरेशनची गरज नाही. व्यायाम करायचा, पण जिने चढणं आणि गुडघे मागे ताणून तासन्‌तास उभं राहणं बंद.

“हे काही एका दिवसात झालेलं नाही, मावशी,” त्या म्हणाल्या होत्या. “रोज एवढ्या कुठं उभ्या राहता?”

“कुठंच न्हाई,” गिरिजाबाईंनी सांगितलं आणि तिथंच सगळं बिनसलं.

नवरा गेल्यावर गिरिजाबाईंनी लोकांच्या रानात मजुरी करून राजानंदला आयटीआयपर्यंत शिकवलं होतं. चाकणच्या कंपनीत तो पर्मनंट झाला, तेव्हा त्यानं आईकडून वचन घेतलं, की आता कुणाच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. मंठ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात त्यानं स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या. गॅस आणला, कूलर आणला, नळ घरात घेतला. आईला बोलायला माणूस तेवढं आणता आलं नाही. ते दुकानात मिळत नाही, त्याला तो तरी काय करणार?

आता वेचणीचे दिवस होते. आईचा गुडघा सुजलेला आणि आई गप्प. राजानंदचा जीव जळत होता.

“म्या तिकडं डबल ड्युटी कशापायी करून राह्यलो? तू परत रोजानं जावं म्हणून?”

“न्हाई रे बाबा. बिलकुल न्हाई गेले.”

“मंग उभी कुठं राहती, ते सांग ना!”

गिरिजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. खरं सांगितलं तर पोराला ते गाऱ्हाणं वाटेल, याची त्यांना भीती होती. तो वर्षात दोनदा यायचा. त्यातला एक दिवस दवाखान्यात गेलाच होता, आणखी त्याच्या डोक्याला ताप कशाला द्यायचा? त्यापेक्षा चार शिव्या खाल्लेल्या बऱ्या.

राजानंद खुर्ची मागं सारून उठला. “नको सांगू. पण एक ध्यानात ठेव. खरं बोलली न्हाई, तर आजपासून मी फोनसुदिक करणार न्हाई.”

गिरिजाबाईंचा चेहरा एकदम उतरला.

“असं नको बोलू राजा. सांगते.” त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. “गच्चीवर उभी राहते. रोज सांजच्याला. घरात रेंज येत न्हाई. वर टाकीच्या कोपऱ्याला येते, तीबी उभं राह्यलं तरच. बसलं की जाते.”

राजानंदच्या मनावरचं ओझं उतरलं. त्याला हसूच आलं. एवढंच होतं होय! डॉक्टरीणबाईही हसल्या. आईचा हात धरून तो परत खुर्चीत बसला.

“अगं येडे, रोज कशापायी चढती? मी तर फकस्त रविवारी फोन करतो.”

“ते माहीत हाय की,” गिरिजाबाई म्हणाल्या. “पण एखाद्या दिशी तुला मधीच माझी आठवण आली, आन् फोन लागला न्हाई तर?”