रुपरावांचा नवा हात

मळणी यंत्रात हात गेलेल्या रुपरावांना अठ्ठ्याहत्तर साली नागपूरच्या दवाखान्यात लाकडी हात बसवून मिळाला. खांदा उचलला की त्याला बांधलेला पट्टा ताणला जायचा अन् मूठ उघडायची, खांदा सोडला की मिटायची. पंचाईत एवढीच, की बायकोनं काहीही विचारलं की नुसते खांदे उडवायची रुपरावांची जुनी खोड.

मनकर्णाबाईंनी पहिल्याच दिवशी त्या मुठीत चहाचा कप दिला अन् विचारलं, "सकाळची भाजी कशी झाली होती जी?"

कप धोतरावर.

"बरं झालं! आता तुमची टाळाटाळ दिसून तरी राहिली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाऐवजी आपलाच हात त्या मुठीत दिला. "दवाखान्यात माही आठवण येत होती का तुमाले?"

रुपरावांची मूठ काही उघडली नाही.