पॅनेलमधला झेंडू

"लोंढे, मिक्सरमध्ये मैदा जास्त भरता, म्हणून रोज मोटर बंद पडते," असं तिने सकाळी बेकरीच्या कारखान्यात सगळ्यांसमोर मिक्सर चालवणाऱ्या लोंढ्यांना सुनावलं होतं. "मापानेच भरतो हो, मॅडम," एवढंच ते म्हणाले. मॅनेजरांनी त्यांना उद्यापासून कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

दुपारी, एकदा खात्री करावी म्हणून, तिने मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचं पॅनेल उघडलं. आतून भट्टीसारखी धग आली. लोंढ्यांनी टॉर्च धरला. ड्राइव्ह थंड ठेवणाऱ्या पंख्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या गच्च अडकल्या होत्या. पंखा फिरतच नव्हता.

खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेचा मान मेंटेनन्सप्रमुख म्हणून तिचा होता. पॅनेलच्या जाळीवर हार तिनेच घातला होता, आणि पंख्यांची सफाई दिवाळीनंतर करू, असंही तिनेच ठरवलं होतं.

मॅनेजर येताना दिसले. लोंढ्यांनी पटकन पाकळ्या मुठीत घेतल्या. "तुमची नोकरी नवी आहे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "माझं काय, रिटायरमेंट आलीच आहे."

"काय सापडलं?" मॅनेजरांनी विचारलं.

तिची मान वर होईना. "सकाळचे सगळे लोक बोलवा, सर," ती म्हणाली. "लोंढे, मूठ उघडा."