टिकलेला आयन

अडीच वर्षं झिर्कोनियम या धातूचा तो धन आयन शाल्मलीच्या हाती लागत नव्हता. इतका क्रियाशील, की जवळ जे येईल त्यावर झडप घालायचा. द्रावकावर, चुकून शिरलेल्या बाष्पावर, कधी कधी तर काचेवरसुद्धा. शेवटी तिने त्याच्याभोवती अवजड रेणूंचं असं कुंपण घातलं, की सोमवारी कुपीत पिवळे स्फटिक दिसले आणि शुक्रवारीही ते तसेच होते.

तिचे मार्गदर्शक हर्डीकर सर यांनी पेढे मागवले. "टिकला! आता पेपर पक्का."

शाल्मलीने मात्र थोडे स्फटिक काढून त्यांवर इथिलीन वायू सोडला. या वायूचं प्लास्टिक करण्यासाठीच तर तो आयन हवा होता. संध्याकाळपर्यंत काहीही झालं नाही.

"सर, कुंपणामुळे तो काही करतच नाहीये."

"कोण विचारतंय? शीर्षकात 'अतिक्रियाशील' लिही आणि उरलेले स्फटिक जप. उद्या तुझं काम तपासायला येणाऱ्या समितीला दाखवायचेत."

शाल्मलीने होते नव्हते ते सगळे स्फटिक काचेच्या भांड्यात घातले, इथिलीन सोडला आणि या वेळी भांडं तापवलं. कुंपण तुटलं. पिवळा रंग उडाला आणि बघता बघता भांडं पांढऱ्याशुभ्र प्लास्टिकने गच्च भरलं.

सर धावत आले. "अगं, आता समितीला मी दाखवू काय?"

"हे," शाल्मली म्हणाली आणि भांडं फोडायला हातोडी शोधू लागली.