पाचव्या फळीवरचं आभाळ

फळीचा एक कोपरा अजून ओला होता, म्हणून शिंपीकाकांनी ती कडेने धरून सुताराच्या हाती दिली आणि ते मागे सरकले. जीव भांड्यात पडला. आता कोणी बोट ठेवू शकणार नव्हतं. फळी निळी होती, नुसती निळी, मंजूर कागदावर होती तशी.

रविवारच्या चित्रमंडळीचं हे पहिलंच मोठं काम. पाणीपुरवठा कार्यालयाची लांबलचक भिंत आणि तिच्यावर बाजाररस्त्याचं चित्र. चित्रकलेच्या निवृत्त बाईंनी त्याचे छत्तीस चौकोन पाडून छत्तीस जणांना वाटले होते. बाईंचा नियम असा, की प्रत्येकाने आपली फळी घरी न्यायची, घरीच रंगवायची आणि लावायच्या दिवसापर्यंत कोणाला दाखवायची नाही. दाखवली की माणसं एकमेकांचं बघून रंगवतात, असं त्यांचं म्हणणं. वरच्या ओळीतले नऊ चौकोन म्हणजे रिकामं आभाळ. त्यातला पाचवा, अगदी मधला, शिंपीकाकांच्या वाट्याला आला.

मंजुरी देणाऱ्या अभियंत्यांनी लेखी कळवलं होतं, की कागदावरच्या चित्रात तसूभर फरक दिसला तर भिंत पुन्हा पांढरी होईल. बाईंनी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. "आभाळ म्हणजे आभाळ," त्या म्हणाल्या. "तिथे कोणी शहाणपणा करायचा नाही." आभाळवाल्या नऊही जणांनी माना डोलावल्या. दातांच्या डॉक्टरांनी तर सगळ्यांत जोरात.

निळं रंगवायला काकांना दोन संध्याकाळी पुरल्या. तिसऱ्या संध्याकाळी हात स्वस्थ बसेना. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मापाने कापड कापलं होतं. त्या दिवशी त्यांनी फळीवर एक काळं पाखरू काढलं. ते कोणी मागितलं नव्हतं, कोणी त्याचं माप दिलं नव्हतं. बायकोने चष्मा लावून पाहिलं.

"अहो, याचा डावा पंख आखूड झालाय."

"ते वळतंय. वळताना तसाच दिसतो."

"मग छान आहे," ती म्हणाली. ही बाई उगाच कशाला छान म्हणणाऱ्यातली नव्हती. महिनाभर ते पाखरू कपाटामागे होतं आणि काका दुकानात शीळ घालत कात्री चालवत होते.

आज सकाळी मात्र त्यांना अभियंत्यांचं पत्र आठवलं. आपल्या एका पाखरापायी पस्तीस जणांची मेहनत पाण्यात जाणार. त्यांनी उरलेला निळा रंग काढला आणि पाखरावर दोन हात दिले. आधी शेपूट गेली, मग तो आखूड पंख. बायकोने दारातून पाहिलं आणि ती आत गेली. फळी घेऊन येताना काकांना वाटेत दोनदा डोळे पुसावे लागले.

भिंतीपाशी नुसती धमाल चालली होती. खालच्या तीन ओळी लागल्या आणि रस्ता उभा राहिला. दुकानं, सायकली, खिडकीतून डोकावणाऱ्या बायका. बेकरीवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून आपलं दुकान ओळखायला लावत होता. बसचालकाने तर बस थांबवून उतारूंना खाली उतरवलं होतं.

मग वरची ओळ सुरू झाली. पहिली फळी नर्सताईंची. सुताराने तिच्यावरची चादर काढली आणि त्याला हसूच आवरेना. निळ्या आभाळात एक पांढरं पाखरू होतं. "एवढंसंच तर आहे," नर्सताई पुटपुटल्या.

दुसरी फळी पोस्टमनची. तिच्यावर दोन पाखरं होती. तिसरीवर एक, चौथीवर एक. लोक आता मोठ्याने मोजायला लागले. पाचवी निळीच गेली, सहावीवर पुन्हा एक. नववी डॉक्टरांची. जोरात मान डोलावणाऱ्याचंच पाखरू सगळ्यांत मोठं निघालं, तेही हिरवं. बाईंनी कपाळाला हात लावला, पण पदराआड त्या हसत होत्या.

काकांना हसावं की रडावं कळेना. ही सगळी आपल्यासारखीच माणसं, एकानेही ऐकलं नव्हतं. त्यांच्या अंगावर आनंदाने काटा आला आणि त्याच वेळी छातीत कळ उठली. एवढ्या आभाळात एकच जागा रिकामी होती.

"मधली कोणाची?" बेकरीवाल्याने विचारलं.

"माझी," काका म्हणाले. "सकाळपर्यंत होतं. मी पुसलं."

कोणी त्यांना नावं ठेवली नाहीत. नर्सताईंनी त्यांचा हात धरला. तेवढ्यात पाठीमागून मोटारीचं दार वाजलं आणि हातात मंजूर कागद घेऊन अभियंते खाली उतरले.

अभियंत्यांनी कागद पाहिला, भिंत पाहिली, पुन्हा कागद पाहिला. बाई पुढे झाल्या. "साहेब, चूक माझी. शिक्षा यांना नको." काकांना वाटलं, सुटलो असतो तो फक्त मी. आणि ते त्यांना अजिबात नको होतं.

अभियंत्यांनी बोट उचलून वरची ओळ डावीकडून उजवीकडे मोजली. बोट मध्येच अडकलं. त्यांनी खिशातून पेन काढून कागदावर तिथेच एक फुली मारली.

"हे पाचवं अर्धवट दिसतंय," ते म्हणाले. "आजच्या आज पूर्ण करा. अर्धवट काम मी मंजूर करत नाही."