फाळक्यावरचा माणूस

निगडीच्या मॉडेल-प्रदर्शनाला न्यायला गाडी दहाला येणार होती आणि साडेनऊ झाले तरी भिवाआबांनी तो बोटाएवढा ड्रायव्हर ट्रकमध्ये बसवला नव्हता. चिमटीत धरून नुसते फिरवत होते. खिडकीशी जायचे, उजेडात धरून बघायचे, परत येऊन खाटेवर टेकायचे. ऐंशीच्या माणसाचं बूड एका जागी ठरेना.

टेबलावर वीतभर लांबीचा, विटकरी रंगाचा ट्रक उभा होता. रेल्वेने आलेली पार्सलं स्टेशनातून उचलून घरोघर पोचवणारे रेल्वेचे ट्रक एके काळी असत, त्यांतलाच हा एक. दापोडीच्या या दोन खोल्यांत त्यांच्या मुलाने, बुद्धरत्नने, चार महिन्यांच्या सगळ्या सुट्ट्या घालवून तो घडवला होता. चाकणच्या कंपनीत तो डाय, म्हणजे सुटे भाग काढायचे पोलादी साचे, बनवतो. केसाएवढी चूक त्याला झोपू देत नाही. बुद्धाच्या तसबिरीशेजारी आबांचा एक जुना फोटो आहे. त्यात पंचविशीतले आबा स्टिअरिंगवर बसलेत, कोपर खिडकीबाहेर. तो फोटो भिंगाखाली धरून बुद्धरत्नने मडगार्डचे बोल्टसुद्धा मोजले होते. ट्रकखालच्या लाकडी फळीवर त्याने पितळेची पाटी बसवली होती. वरच्या ओळीत ‘भिवा’, खालच्या ओळीत ‘ड्रायव्हर’.

घरात नवी गाडी आली की आधी वडीलधाऱ्याने तिच्यात बसायचं, ही घरची रीत. म्हणून त्याने ड्रायव्हर चिकटवला नव्हता. आबांनी स्वतःच्या हाताने स्वतःलाच त्या जागेवर बसवावं आणि मग निगडीच्या हॉलमध्ये चार लोकांत आपण सांगावं, हे माझे वडील, एवढ्यासाठी त्याचा सगळा खटाटोप होता. आणि आबा तर असे करत होते, जणू कोणी त्यांच्यापुढे खोट्या सहीचा कागद ठेवलाय.

बुद्धरत्नने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. “काय चुकलंय का आबा?”

“खांद्यावर हे पांढरं काय हाय?”

“टॉवेल. फोटोत आहे की.”

“टावेल न्हाई त्यो,” आबा म्हणाले. “गोणपाट हाय. वझं टोचू नये म्हून.”

“ड्रायव्हरला कसलं आलंय ओझं?” बुद्धरत्न म्हणाला.

मग आबांनी सांगितलं. पोराकडे न बघता, ट्रककडे बघत सांगितलं. ड्रायव्हर मालोजी होता, आबा हमाल. मुलीकडच्यांना दाखवायला फोटो हवा होता, तेवढ्यापुरतं मालोजीने त्यांना आपल्या जागेवर बसवलं. लग्न जमलं, फोटो भिंतीवर चढला आणि जो तो भिवा ड्रायव्हर म्हणू लागला. आबा स्वतःच्या तोंडाने तसं कधी म्हणाले नव्हते. पण कुणाला नाहीही म्हणाले नव्हते.

शाळेच्या फॉर्मपासून कंपनीच्या मुलाखतीपर्यंत बुद्धरत्न छाती काढून ड्रायव्हरचा मुलगा म्हणवून घेत आला होता. राग आला, पण वडील हमाल निघाले याचा नव्हे. चार महिने आपण भिंगातून बोल्ट मोजले आणि बापाच्या खांद्यावर काय आहे ते आपल्याला दिसलं नाही, याचा आला.

“आईला माहितीय?” त्याने आवाज खाली आणून विचारलं.

चिमाबाई ओट्याशी त्याचा डबा भरत होत्या. त्यांनी मानही वळवली नाही.

“लगनाच्या चवथ्या दिशी पाठीला तेल लावलं, तवाच कळलं. डायवरच्या पाठीला घट्टं पडत न्हाईत.”

आबा मटकन खाटेवर बसले. पंचावन्न वर्षं ज्या बाईपासून हे लपवलं, ती पंचावन्न वर्षं तेच सांभाळत आली होती.

बाहेर हॉर्न वाजला. आज जाऊच नये, असं बुद्धरत्नच्या मनात येऊन गेलं. मग त्याने स्टूल ओढलं आणि विचारलं, “तुम्ही कुठं बसायचा?”

आबा उठले. टेबलाशी येऊन त्यांनी ट्रकचा मागचा फाळका अलगद पाडला. तो दोन बारीक साखळ्यांवर आडवा लोंबकळत राहिला. त्याच्या काठावर त्यांनी त्या बोटाएवढ्या माणसाला पाय खाली सोडून बसवलं. स्टिअरिंग धरायला वाकवलेल्या हातांपैकी एकात साखळी नेमकी बसली. दुसरा हात रिकामाच पुढे राहिला. आबांनी ट्रकच्या हौद्यात रचलेल्या लाकडी पेट्यांतली एक उचलून त्याच्या मांडीवर, त्या हाताखाली सरकवली.

“खड्ड्यात पेट्या उडायच्या. धरून बसाय लागायचं,” ते म्हणाले. “फुडं काय हाय ते कधी दिसलं न्हाई बघ रतना. माघारी पडल्याला रस्ता तेवढा दिसायचा.”

हॉर्न पुन्हा वाजला. टायरच्या चिखलासाठी कालवलेला रंग उरला होता, त्यात ब्रश बुडवून बुद्धरत्नने टॉवेलाचं गोणपाट केलं. कानस घेऊन पाटीवरची खालची ओळ घासून टाकली. पितळेचा भुगा त्याच्या पँटवर सांडला. त्या माणसाच्या बुडाखाली गोंदाचा एक थेंब सोडला. मग फळीचे दोन स्क्रू काढून त्याने ट्रक उलटा फिरवला, तोंड मागे आणि फाळका पाटीकडे, आणि स्क्रू पुन्हा आवळले. आता निगडीत जो कोणी टेबलापुढे उभा राहील, त्याच्याकडे आबांचं तोंड असणार होतं.