कलंडणारा सेनापती

पुलाजवळच्या लष्करी तपासणी नाक्यावर बस थांबली आणि सगळे उतरून फोन हातात घेऊन रांगेत उभे राहिले. म्यो न्युंतचा फोन जुना, बटणांचा. प्रवासात तो हाच नेई. खरा फोन यांगूनला घरी, तांदळाच्या डब्यात.

त्याच्या पुढे खाईंग मावशी. यांगूनपासून शेजारच्या सीटवर बसलेल्या, वाटेत त्याला बळेबळे चिकट भात खाऊ घालणाऱ्या. कोवळ्या शिपायानं त्यांच्या फोनमधली चित्रं सरकवली, एकावर थांबला आणि फिसकन हसला.

म्योनं मान लांब केली. चित्र त्यानंच काढलेलं होतं. बंदी घातलेल्या ॲपवर चोरवाटेनं, खोट्या नावानं टाकलेलं. छातीवर इतकी पदकं की सेनापती पुढे कलंडतोय आणि मागून दोन शिपाई त्याचा पट्टा धरून ओढतायत. शिपायालासुद्धा हसू आलं. क्षणभर म्योला इतका आनंद झाला की पुढे कित्येक दिवस त्याला त्या आनंदाचीच लाज वाटत राहिली.

कारण ते हसू हवालदारानंही ऐकलं.

"काय रे, दात काढायला काय झालं? आण इकडे." त्यानं फोन बघितला. "कुणी काढलं हे, बाई?"

"मला काय ठाऊक, साहेब. लेकीनं पाठवलं. पुसायचं कसं ते येत नाही मला."

"शिकवू की. चला आत." मग तो म्योकडे वळला. "तुझ्या कोण ह्या?"

"कोणी नाही. बसमध्येच भेटल्या."

"काम काय करतोस?"

"दुकानांच्या पाट्या रंगवतो."

दोन्ही उत्तरं खरी होती. 'कुणी काढलं' हा प्रश्न आपल्याला नव्हताच, असं त्यानं स्वतःला बजावलं.

मावशींनी जाता जाता गाठोडं त्याच्या हातात दिलं. "पथेनच्या स्टँडवर माझी लेक येईल, पोरा. सातवा महिना आहे तिला. बाळाच्या दुपट्यांसाठी जुन्या लुंग्या आहेत ह्यात. आणि तिला उन्हात उभी राहू देऊ नकोस."

लेक उन्हातच उभी होती. म्योनं झालं ते सांगितलं. ती मटकन कठड्यावर बसली.

"मीच पाठवलं होतं ते, दादा. आई एकटी असते, जरा हसेल म्हणून. माझ्यामुळे नेलं तिला."

"तुमचा दोष नाही," म्यो म्हणाला.

"मग कुणाचा?"

आजूबाजूला माणसं होती. माणसं नसती तरी आपण बोललो नसतो, हे त्याला पक्कं कळत होतं. त्यानं गाठोडं पुढे केलं.

"लुंग्या आहेत," तो म्हणाला. "बाळासाठी."