सूचनावही

सूचनावही समोर आली की शिक्षक न वाचताच सही ठोकतात, हे शाळेच्या शिपाई मावशींना ठाऊक होतं. आणि रजा मागितली की मुख्याध्यापिका विचारत, “घंटा कोण देणार?” लेकीचे दिवस भरत आले, तशी मावशींनीच वहीत सूचना लिहिली: ‘मावशींच्या आठ दिवसांच्या रजेत आम्ही पाळीपाळीने घंटा देऊ.’ चौदा वर्ग फिरून चौदा सह्या झाल्या. उरल्या मुख्याध्यापिका, अक्षर न् अक्षर वाचणाऱ्या.

त्यांनी चष्मा काढला. “सगळ्यांनी वाचलंय हे?”

“सह्या आहेत ना, बाई.” मावशींनी सह्यांचं पान पुढे सरकवलं.

बाईंनी ‘आठ दिवस’ खोडून ‘एक महिना’ लिहिलं. “बाळंतपण कुठं आठ दिवसांत उरकतं? जा, वही पुन्हा फिरवून आणा. घाबरू नका, कोणी वाचत नाही.”